स्मृति गेल्यावर उरतें तें काय?

मागील वर्षीं आषाढी एकादशीच्या दिवशीं आमच्या घरांत एक वाद उपस्थित झाला आणि तो अद्यापि मिटलेला नाहीं. वाद तसा लहानसा. शेजाऱ्यांस ऐकूं जाण्याइतकाही तो चढला नाहीं. माझी आई त्या वेळीं ८४ वर्षांची होती. लग्न होऊन सासरीं आल्यापासून साठांहून अधिक वर्षें तिनें एकही एकादशी चुकविली नव्हती. तिला ८० वें वर्ष संपलें तेव्हां आमच्या पुरोहितांनीं तिला सांगितलें कीं आठ वर्षांच्या आंतील मुलास आणि ऐंशी उलटलेल्या वृद्धास हा उपवास शास्त्रानेंच माफ केला आहे. त्यावर ती हसून म्हणाली, “शास्त्रानें मला सोडलें असेल, मीं शास्त्राला सोडलेलें नाहीं.” विषय तेथेंच संपला.

त्या दिवशीं मात्र सकाळीं दहाच्या सुमारास ती स्वयंपाकघराच्या दाराशीं येऊन बसली आणि वरणभात मागूं लागली. साबुदाण्याची खिचडी पुढें केली ती तिनें दूर सारली. आज एकादशी आहे असें दोनदां सांगून पाहिलें. तो शब्द तिच्या कानांवर पडला, आंत गेला नाहीं. माझी पत्नी ताट वाढावयास उठली तों माझ्या वडील बहिणीनें तिला थांबविलें. ताईचें म्हणणें असें कीं, “आई शुद्धीवर असती तर हा घांस तिनें तोंडांत घातला असता का? तिला भूल पडली म्हणून तिचें सगळ्या जन्माचें व्रत आपण मोडावयाचें?” पत्नी म्हणाली, “वन्सं, समोर बसली आहे ती भुकेली आहे. जिचें व्रत म्हणतां ती आज कोठें आहे?” आणि मग दोघीही माझ्याकडे पाहूं लागल्या. तीस वर्षें महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या मनुष्यास अशा वेळीं उत्तर देतां आलें पाहिजे अशी घरच्यांची अपेक्षा असल्यास त्यांत त्यांचा दोष नाहीं. मला तें देतां आलें नाहीं.

या रोगाविषयीं प्रथम थोडें सांगितलें पाहिजे. भेटीस आलेल्या गृहस्थाचें नांव न आठवणें हा वयाचा धर्म आहे. तो गृहस्थ जाऊन पांच मिनिटें होतांच कोणी आलें होतें हेंच न आठवणें हा रोग आहे. हा भेद आपल्या घरांतून बहुधा केला जात नाहीं, आणि आपली भाषाही या बाबतींत निष्ठुर आहे. ‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आणि ‘म्हातारचळ’ हा शब्द, हीं दोन्ही रोगाला स्वभावदोष ठरवून मोकळीं होतात. त्यामुळें नुकसान दुहेरी होतें. एक तर रोग्याची चेष्टा होते. आणि दुसरें असें कीं थायरॉइड ग्रंथि मंदावणें, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, एखाद्या औषधाचा विपरीत परिणाम, किंवा मनाचा खोल विषाद, अशीं जीं उपचारानें पुष्कळ अंशीं दूर होणारीं कारणें असतात तीं तपासलींच जात नाहींत. आमच्याही घरांत असें एक वर्ष ‘वय झालें’ या दोन शब्दांखालीं फुकट गेलें हें कबूल केलें पाहिजे. आईच्या बाबतींत अशा कारणांपैकीं कोणतेंही निघालें नाहीं. तिचा रोग अल्झायमरचा.

ज्याच्या नांवानें हा रोग ओळखला जातो त्या आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याकडे १९०१ सालीं फ्रँकफुर्ट येथें ऑगस्ट डेटर नांवाची ५१ वर्षांची एक बाई आली. तिला तो साधे प्रश्न विचारी आणि उत्तरें टिपून ठेवी. नांव लिहावयास सांगितलें तर ती अर्धें लिही आणि पुढचें विसरे. आपण स्वतःलाच हरवून बसलों आहों अशा अर्थाचें ती बोले. १९०६ सालीं ती वारल्यावर त्यानें तिच्या मेंदूचें सूक्ष्मदर्शकाखालीं परीक्षण केलें, तेव्हां पेशींच्या आंत तंतूंचे गुंते आणि पेशींच्या बाहेर एका द्रव्याचे डाग त्यास आढळले. हे गुंते आणि हे डाग हींच आजही या रोगाचीं मुख्य शारीरिक लक्षणें मानलीं जातात. मेंदूच्या पोटांत समुद्रघोड्याच्या आकाराचा हिप्पोकॅम्पस नांवाचा एक लहानसा भाग आहे. नवी आठवण घडविण्याचें काम त्याचें, आणि रोगाचा घाला सहसा लौकर पडतो तो त्याच्यावर व त्याच्या शेजारच्या भागावर. म्हणूनच आज सकाळचें जातें आणि साठ वर्षांपूर्वींचें उरतें. नवें आधीं व जुनें मागाहून हा क्रम फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यानें १८८१ सालींच सांगून ठेवला होता. माझी आई मला कित्येकदां तिच्या धाकट्या भावाच्या नांवानें हांक मारते याचें कारण हेंच. मी तिच्या आयुष्यांत मागाहून आलों, म्हणून आधीं निघालों. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीचा अंदाज असा आहे कीं आपल्या देशांत ६० वर्षांवरील माणसांपैकीं शेंकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारें ८८ लाखांना, या ना त्या प्रकारचा बुद्धिभ्रंश जडलेला आहे. तेव्हां आमच्या घरचा वाद हा केवळ आमच्या घरचा नव्हे.

आतां त्या वादाकडे वळूं. माझी पत्नी तत्त्वज्ञान शिकलेली नाहीं; पण तिनें जें विचारलें तें जॉन लॉक यानें विचारलेलेंच होतें. आपल्या ‘मानवी बुद्धीविषयींच्या निबंधा’च्या १६९४ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत त्यानें एक नवें प्रकरण घातलें आणि त्यांत असें प्रतिपादन केलें कीं व्यक्तीचें तेंपण तिच्या शरीरावर अवलंबून नाहीं, आत्मा नामक द्रव्यावरही नाहीं, जेथवर तिची जाणीव मागें पोंचते, म्हणजे जेथवर ‘हें मीं केलें’ असें तिला वाटतें, तेथवर ती व्यक्ति. ‘व्यक्ति’ हा शब्द त्याच्या मतें न्यायालयीन शब्द आहे. शिक्षा कोणास द्यावयाची, बक्षीस कोणाचें, वचन कोणावर बंधनकारक, हें ठरविण्यासाठीं तो योजावयाचा. हें मत मान्य केलें तर जिनें साठ वर्षें एकादशी धरली ती स्त्री आतां नाहीं, आणि जी दाराशीं बसली आहे तिनें कसलेंच व्रत घेतलेलें नाहीं. ताट वाढण्यास कोणताच प्रत्यवाय उरत नाहीं.

वर्गांत हें प्रकरण मीं वर्षानुवर्षें शिकविलें, आणि त्यावर रीड यानें १७८५ सालीं घेतलेला आक्षेपही शिकविला. एका शूर सेनाधिकाऱ्यास, लहानपणीं बागेंतील फळें चोरल्याबद्दल फटके बसल्याचें आठवत होतें. पुढें तो सेनापति झाला तेव्हां त्याला आपण अधिकारी असतांना जिंकलेलें शत्रूचें निशाण आठवत होतें, पण फटके आठवत नव्हते. मग लॉकच्या हिशेबानें सेनापति आणि अधिकारी एक, अधिकारी आणि पोर एक, पण सेनापति आणि पोर मात्र एक नव्हेत! विद्यार्थी या ठिकाणीं हसत, मीही हसत असें. तो आक्षेप तर्कदृष्ट्या बिनतोड आहे. परंतु आईच्या पुढ्यांत बसलें म्हणजे तो कांहींच कामाचा नाहीं असें दिसतें. सेनापतीला निदान निशाण तरी आठवत होतें.

मला वाटतें, लॉकची चूक निराळीकडे आहे आणि ती आपल्या नैयायिकांनीं केलेली नाहीं. त्यांनीं स्मृति आणि संस्कार असे दोन वेगळे पदार्थ मानले. अनुभव येतो आणि जातो. जातांना तो आत्म्यावर संस्कार ठेवून जातो. आणि तो संस्कार जागा झाला म्हणजे जें ज्ञान उत्पन्न होतें तें स्मृति. म्हणजे स्मृति हें संस्काराचें फळ आहे, संस्कार नव्हे. फळ धरलें नाहीं म्हणून झाड वठलें असें होत नाहीं. पूर्वीं हा भेद मला पाठांतराच्या सोयीसाठीं केलेला वाटे. तो किती खरा आहे हें मला पाश्चात्त्य वैद्यांच्या टिपणांनीं शिकविलें, हा एक विनोदच.

जिनिव्हा येथील क्लापारेद या वैद्याकडे एक बाई होती. तिचा रोग कोर्साकॉफ या रशियन वैद्यानें १८८७ च्या सुमारास वर्णिलेल्या जातीचा. त्यांत ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावीं, बहुधा अति मद्यपानामुळें, नवी आठवण धरेनाशी होते. क्लापारेदला ती रोज पाही आणि रोज नव्यानें ओळख करून घेई. एके दिवशीं त्यानें बोटांत टांचणी लपवून तिच्याशीं हस्तांदोलन केलें. थोड्या वेळानें ती तें विसरली. परंतु त्यानें पुन्हां हात पुढें करतांच तिनें आपला हात मागें घेतला. कां, हें तिला सांगतां येईना. हा वृत्तांत त्यानें १९११ सालीं प्रसिद्ध केला. असला प्रयोग आज कोणी करूं देणार नाहीं, आणि तें योग्यच आहे.

दुसरें उदाहरण हेन्री मोलेसन या अमेरिकन गृहस्थाचें. अपस्माराचे झटके थांबावे म्हणून १९५३ सालीं, त्याच्या वयाच्या २७ व्या वर्षीं, हार्टफर्ड येथें त्याच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसांचा मोठा भाग काढून टाकण्यांत आला. झटके कमी झाले. पण तेव्हांपासून २००८ सालीं मरेपर्यंत त्याला नवी म्हणून कोणतीही घटना लक्षांत ठेवतां आली नाहीं. ब्रेंडा मिल्नर या विदुषीनें त्याला आरशांत पाहून ताऱ्याची आकृति गिरविण्यास दिली. आरशांत पाहून रेघ ओढणें अवघड. हात उलटाच जातो. तीन दिवसांत त्याचा हात चांगला बसला. आणि प्रत्येक दिवशीं हें काम आपण पूर्वीं कधीं केलेलें त्याला आठवत नव्हतें. हाताला आलें तें त्याच्या जाणिवेला कळलेंच नाहीं. याला संस्कार म्हणावयाचें नाहीं तर काय म्हणावयाचें?

कालिदासाला हें ठाऊक होतें असें मी आतां मानूं लागलों आहें. शाकुंतलाच्या पांचव्या अंकाच्या आरंभीं दुष्यंत शापामुळें शकुंतलेस पार विसरलेला आहे. पडद्याआड हंसपदिकेचें गाणें त्याच्या कानीं पडतें आणि कोणाचाही विरह नसतांना आपण असे उत्कंठित कां झालों तें त्याला उमजत नाहीं. थोड्याच वेळांत शकुंतला समोर येते आणि तो तिला ओळखत नाहीं. त्या प्रसंगावर वर्गांत आम्ही ‘नाट्यपूर्ण विरोध’ वगैरे बोलतों. वस्तुतः त्यांत रोगाचें अचूक निदान आहे: नांव गेलें, रूप गेलें, प्रसंग गेला, आणि ओढ तेवढी राहिली.

ओढीप्रमाणें दुःखही राहतें, आणि येथें माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. दररोज दिवेलागणीच्या सुमारास आई विचारते, “हे अजून आले नाहींत का?” माझे वडील जाऊन ११ वर्षें झालीं. आरंभीं कांहीं दिवस मीं तिला खरें तें सांगितलें. असत्य बोलावयाचें नाहीं, निदान आईशीं नाहीं, असा मला अभिमान होता. ऐकतांच ती त्याच क्षणीं विधवा झाल्याप्रमाणें रडे. अर्ध्या तासानें ती सारें विसरे, आणि मी मनाशीं म्हणें कीं चला, निभावलें. पण ताईच्या लक्षांत आलें कीं त्या रात्रीं आई जेवत नाहीं, खिडकीशीं बसून राहते, ‘काय झालें?’ म्हणून विचारलें तर ‘कांहीं नाहीं ग’ म्हणते. पुढें माझ्या वाचनांत आलें कीं आयोवा विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१० सालीं नेमकें हेंच दाखविलें होतें. हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्या रोग्यांस त्यांनीं चित्रपटांतील दुःखद प्रसंग दाखविले. थोड्या वेळानें त्यांस प्रसंग आठवेनात, परंतु त्यांचा विषाद टिकून राहिला. मोलेसनच्या बाबतींतही त्याच्या चुलत्याच्या मृत्यूची वार्ता त्याला प्रत्येक वेळीं नवी वाटे व तो प्रत्येक वेळीं व्याकुळ होई असें नमूद आहे. म्हणजे मीं माझ्या सत्यप्रीतीसाठीं आईला रोज एक कारण हरवलेलें दुःख देत होतों.

मग खोटें बोलावें काय? कांट यानें १७९७ सालीं लिहिलें कीं दाराशीं मारेकरी येऊन आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारूं लागला तरी असत्य बोलूं नये. महाभारतांतील कर्णपर्वांत श्रीकृष्ण अर्जुनास बरोबर याच प्रसंगाची गोष्ट सांगतो आणि निर्णय उलट देतो: दरोडेखोरांस खरी वाट दाखविणारा सत्यवादी कौशिक नरकास गेला. मी कौशिकाच्या निकालाकडे वळलों, आणि ‘दादा बाहेरगांवीं गेले आहेत’ असें सांगूं लागलों. आई निवांत झाली. पण या उपायांत एक गोम आहे ती त्या कथेंत नाहीं. कौशिकाला असा प्रसंग एकदांच आला. मला तो रोज येतो, आणि रोज बोललेलें असत्य एकाच प्रश्नापुरतें राहत नाहीं. दोन महिन्यांत मी तिला औषधाविषयीं खोटें सांगूं लागलों, मग मी कोठें निघालों आहें याविषयीं, मग केवळ तिच्या प्रश्नांचा कंटाळा आला म्हणून. तिला कळत नाहीं या गोष्टीचा मी फायदा घेऊं लागलों होतों. असत्याचा अपराध ऐकणाऱ्याच्या फसण्यांत असतो असें आपण मानतों. तो बोलणाऱ्याच्या सोयींतही असतो. हल्लीं ती वडिलांविषयीं विचारते तेव्हां मी म्हणतों, “दादांची वाट पाहतेस होय?” मग ती त्यांच्याविषयीं बोलूं लागते, कधीं त्यांच्या सायकलीविषयीं, कधीं त्यांच्या रागाविषयीं, आणि मूळ प्रश्न बाजूस राहतो. सर्वच दिवशीं हें साधतें असें नाहीं. ज्या दिवशीं साधत नाहीं त्या दिवशीं मी खोटें बोलतों.

एकादशीच्या प्रश्नावरही अलीकडे पुष्कळ वाद झालेला आहे, अर्थात् एकादशी हें नांव न घेतां. रोनाल्ड ड्वॉर्किन या कायदेपंडितानें १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत ताईचा पक्ष घेतला आहे. मनुष्य आपल्या आयुष्याला विचारपूर्वक जो आकार देतो तो बुद्धि गेल्यावरही त्याचाच राहतो, आणि इतरांनीं तो राखला पाहिजे, असें त्याचें मत. रेबेका ड्रेसर या विदुषीनें त्यास विरोध केला: समोरच्या जीवाची आजची भूक, आजचें सुख खरें आहे, काल ज्यानें निर्णय केला त्यास आजच्या दुर्बळावर सत्ता गाजविण्याचा अधिकार कोठून आला? हा माझ्या पत्नीचा पक्ष.

मीं त्या दिवशीं अखेर ताट वाढावयास सांगितलें. माझें कारण या दोघांहून निराळें होतें, आणि तें मीं ताईपुढें मांडलें. व्रत म्हणजे केवळ न खाणें नव्हे. व्रताला संकल्प लागतो. ज्याला आज उपवास आहे हें ठाऊकच नाहीं त्याला उपाशी ठेवणें म्हणजे व्रत राखणें नव्हे, ती नुसती उपासमार. आईचा संकल्प आतां कोणालाही तिच्या वतीनें तिच्या पोटावर लादतां येणार नाहीं. मात्र शास्त्रानें व्रतास प्रतिनिधि मान्य केला आहे; असमर्थाच्या वतीनें पुत्रानें वा आप्तानें तें करावें अशी मुभा आहे. तेव्हां आईचें व्रत चालावें अशी इच्छा असेल तर उपास आपण करावा. ताईनें आजवर कधीं एकादशी धरली नव्हती. ती कांहीं बोलली नाहीं. पण पुढच्या एकादशीपासून ती आमच्याकडे येते, आईला वाढते आणि आपण उपाशी राहते. माझा युक्तिवाद मला तेव्हां निर्दोष वाटला होता.

कार्तिकांतील एकादशीस आई पाटावर बसली होती, ताई वाढत होती. आईनें पहिला भात कालविला आणि ताईकडे पाहून विचारलें, “तुझें पान कां नाहीं?” ताई सहज म्हणून गेली, “मला आज एकादशी.” आईनें हातांतला घांस ताटांत ठेवला. “अग, मग मला कां वाढलेंस?” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजांत जुना दरारा होता. तिनें हात धुतले, ताट बाजूस सारलें आणि देवघराच्या दिशेनें हात जोडले. ताईनें माझ्याकडे पाहिलें. संकल्प नाहीं असें मीं ज्या ठिकाणीं म्हटलें होतें तेथें तो होता. चार महिन्यांपूर्वीं तोच शब्द दोनदां सांगूनही तो जागा झाला नव्हता, आणि त्या दिवशीं मुलीच्या उपाशी तोंडानें तो जागा केला. यावर माझ्यापाशीं उत्तर नाहीं, आणि ताईही विजयी मुद्रेनें बोलली असें नाहीं.

वीस-पंचवीस मिनिटें आई तशीच बसली. मग तिनें इकडे तिकडे पाहिलें आणि विचारलें, “आज जेवणें व्हावयाचीं नाहींत का?” ताई उठली आणि तिनें भात गरम करावयास ठेवला.